मीटरवरचा दिवा विझला, पण एअरबॅग आहे का? सेकंडहँड कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेण्यापूर्वी

सेकंडहँड गाडी दाखवताना विकणारा किल्ली फिरवतो. मीटरवरचे सगळे दिवे लागतात, एकेक करून विझतात, इंजिन सुरू होतं आणि तो म्हणतो, "बघा, एकही दिवा राहिला नाही." इंजिनपुरतं हे ठीक आहे, एअरबॅगला ते पुरत नाही. एअरबॅगचा दिवा विझतो तो कंट्रोल मॉड्यूलला, म्हणजे एअरबॅग सांभाळणाऱ्या पेटीला, सगळं जागेवर दिसलं म्हणून. पण मॉड्यूलला बॅग दिसत नाही, दिसतो तो फक्त तारेतला रोध. तो रोध दोन-चार रुपयांच्या रेझिस्टरनेही दाखवता येतो.

याउलट, दिवा पेटून राहिलेली गाडी बघताच गिऱ्हाईक पाठ फिरवतं. प्रत्यक्षात त्यातल्या बऱ्याच गाड्यांत दोष असतो तो सीटखालच्या सैल कपलरचा (तारा जोडणाऱ्या प्लगचा) किंवा स्टिअरिंगमधल्या तुटक्या पट्टीचा. म्हणजे दिवा पेटलेली गाडी प्रामाणिक आणि विझलेली फसवी, असंही होऊ शकतं. कोणती कुठली हे ओळखायचं तर यंत्रणा कशी चालते ते थोडं माहीत हवं.

एका धडकेत काय काय घडतं

मधल्या कन्सोलखाली, गिअरच्या आसपास, गाडीच्या तळाला बोल्टने घट्ट बसवलेली एक छोटी पेटी असते. हेच एअरबॅगचं कंट्रोल मॉड्यूल. त्याच्या आतच धक्का मोजणारा सेन्सर असतो. शिवाय पुढे रेडिएटरच्या चौकटीवर एक किंवा दोन सेन्सर असतात. बाजूच्या एअरबॅग असलेल्या गाडीत पुढच्या आणि मागच्या दारांमधल्या खांबात, म्हणजे बी-पिलरमध्ये, आणखी सेन्सर असतात. धडक बसली की ही पेटी साधारण १५ ते ३० मिलिसेकंदांत ठरवते की बॅग उघडायची की नाही. उघडायची ठरली की पुढच्या ३० ते ४० मिलिसेकंदांत बॅग पूर्ण फुगते. पापणी लवायला १०० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो, यावरून घाई कळावी.

बॅग फुगवायला हवा भरलेली नसते. पुढच्या बॅगेच्या मागे धातूचं एक डबडं असतं, त्याला इन्फ्लेटर म्हणतात. त्यात फटाक्यातल्या दारूसारखं जळणारं रसायन असतं आणि ते पेटवायला स्क्विब नावाची इवलीशी काडी असते. साधारण १.२ अँपिअरचा प्रवाह २ मिलिसेकंद मिळाला की काडी पेटते, रसायन जळतं आणि तयार झालेला वायू बॅगेत घुसतो. सीटबेल्ट ताणून धरणारा प्रीटेन्शनरही अशाच काडीवर चालतो. म्हणून तोही एअरबॅग यंत्रणेचाच भाग आहे, आणि त्यातला दोषही तोच दिवा पेटवतो.

या काडीचा रोध साधारण २ ओहम असतो, गाडीनुसार थोडा कमी-जास्त. किल्ली फिरवल्यापासून गाडी बंद होईपर्यंत मॉड्यूल प्रत्येक काडीच्या तारांच्या फेऱ्यातून (सर्किटमधून) अगदी क्षीण प्रवाह सोडून हा रोध मोजत राहतं. रोध फार वाढला म्हणजे तार तुटली किंवा कपलर सैल झाला. रोध फार कमी झाला म्हणजे दोन तारा एकमेकींना भिडल्या. तार बॉडीला लागली किंवा बॅटरीच्या तारेला लागली तर तेही वेगळं कळतं. या चारांपैकी काहीही झालं की दिवा लागतो आणि त्या दोषाचा कोड मॉड्यूलमध्ये नोंदला जातो. दिवा पेटलेला असताना धडक बसली तर दोष असलेली बॅग उघडेलच याचा भरवसा नसतो, आणि काही दोषांत मॉड्यूल सगळी यंत्रणाच बंद ठेवतं. म्हणून "दिवा आहे, पण बाकी सगळं चालतं" असं एअरबॅगबाबत म्हणता येत नाही.

गाडी जन्मली तेव्हा तिच्यात किती बॅग होत्या?

तपासणीच्या आधी हा प्रश्न विचारायचा, कारण भारतात एकाच नावाच्या गाडीत व्हेरियंटनुसार शून्य, एक, दोन किंवा सहा बॅग असू शकतात. चालकासाठी एअरबॅग सगळ्या नव्या कारना सक्तीची झाली १ जुलै २०१९ पासून. शेजारच्या सीटसाठीची सक्ती नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून आली, आणि आधीपासून बाजारात असलेल्या मॉडेलना ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत मुदत होती. सहा एअरबॅगच्या सक्तीची चर्चा बरीच झाली, पण २०२३ साली सरकारने ती करणार नसल्याचं सांगितलं.

त्यामुळे २०१२ ची डस्टर किंवा २०१३ ची इकोस्पोर्ट खालच्या व्हेरियंटमध्ये घेत असाल तर तिच्यात एअरबॅग मुळातच नसेल. तिथे दिवा लागतच नाही, आणि ते बरोबरच असतं. गाड्या धडकवून सुरक्षेचे तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१७ साली एअरबॅग नसलेल्या भारतीय डस्टरला प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे दिले होते. चालकाची एअरबॅग असलेल्या डस्टरला तीन मिळाले. गाडी तीच, फरक व्हेरियंटचा. नेक्सॉन सप्टेंबर २०१७ मध्ये आली ती सगळ्या व्हेरियंटमध्ये दोन बॅग घेऊनच.

म्हणून आरसीवरचं व्हेरियंट आणि उत्पादनाचा महिना-वर्ष बघा, त्या वर्षाचं त्या गाडीचं माहितीपत्रक शोधा आणि किती बॅग असायला हव्यात ते कागदावर लिहून मगच गाडी बघायला जा. खालच्या व्हेरियंटला वरच्याचं स्टिअरिंग लावून गाडी सजवलेली असते. त्या स्टिअरिंगवर "एसआरएस" (एअरबॅग यंत्रणेचं छोटं नाव) अशी अक्षरं असतात, पण आत बॅग नसते, किंवा बॅग असते आणि तिला जोडायला मॉड्यूलच नसतं.

दिवा वाचायचा कसा

गाडीत बसा. इंजिन सुरू करू नका, फक्त इग्निशन ऑन करा. बटण-स्टार्ट असेल तर ब्रेक न दाबता दोनदा बटण दाबा. एअरबॅगचा दिवा, म्हणजे बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे गोळा, लागला पाहिजे. साधारण सहा-सात सेकंदांनी तो आपला आपण विझला पाहिजे, इंजिन अजून बंद असतानाच. काही गाड्यांत तो आधी लुकलुकतो.

बॅग असायला हवी अशा गाडीत दिवा लागलाच नाही तर तो काढून टाकलाय किंवा झाकलाय असं समजा. दिवा लागला, पण इंजिन सुरू झाल्यावर ऑइलच्या किंवा बॅटरीच्या दिव्याबरोबर नेमक्या त्याच क्षणी विझला, तर त्याची तार त्या दुसऱ्या दिव्याला जोडलेली असण्याची दाट शक्यता आहे. हा जुगाड जुन्या मीटरमध्ये सहज होतो. म्हणूनच इंजिन सुरू न करता थांबून बघायचं. नव्या गाड्यांत मीटर आणि मॉड्यूल आपसात डेटा-लाइनवरून बोलतात आणि मॉड्यूलकडून निरोप आला नाही तर मीटर स्वतःच दिवा लावतं. तिथे दिवा फसवणं कठीण, मग फसवणूक एक पायरी पुढे, बॅगेच्या कपलरमध्ये होते. त्याकडे पुढे येऊ.

दिवा बघून झाला की कोड वाचणारा स्कॅनर लावायचा. इथे एक गैरसमज फार पसरलाय. ऑनलाइन मिळणारा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड वाचतो. त्याने "कोड नाही" सांगितलं तर त्याचा एअरबॅगशी काही संबंध नसतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला, किंवा एसआरएस मॉड्यूल वाचू शकणारा चांगला स्कॅनर हवा. मेकॅनिकला नेमकं सांगा: एसआरएस मॉड्यूल वाचा, आधी काही पुसू नका, आणि आत्ताचे व जुने असे दोन्ही कोड प्रिंट करून द्या. मॉड्यूलमध्ये नोंदलेला गाडीचा १७ अक्षर-अंकांचा नंबर स्कॅनर दाखवत असेल तर तो चासीवरच्या नंबराशी ताडून बघा. जुळला नाही तर मॉड्यूल दुसऱ्या गाडीतून आलंय.

पहिलं वाचन झालं की कोड पुसायला लावा. मग स्टिअरिंग डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण, असं चार-पाच वेळा फिरवा. दोन्ही पुढच्या सीट पूर्ण मागे-पुढे करा. दोन्ही बेल्ट लावा आणि काढा. मग दहा-पंधरा मिनिटं खड्ड्यांच्या रस्त्यावरून गाडी चालवून पुन्हा वाचा. कधी येणारा-कधी जाणारा दोष असाच पकडता येतो. विक्रेत्याने सकाळी कोड पुसून गाडी दाखवायला आणली असेल तर तेही इथे उघडं पडतं.

दिवा पेटून राहतो तेव्हा सहसा काय सापडतं

पहिला संशय क्लॉक स्प्रिंगवर. स्टिअरिंग फिरतं, पण त्यातल्या एअरबॅगला तार तर जायला हवी. म्हणून स्टिअरिंगच्या मागे एका गोल डबीत चपट्या तारेची पट्टी घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली असते. हॉर्न, स्टिअरिंगवरची गाण्याची बटणं आणि एअरबॅग या सगळ्यांच्या तारा त्यातूनच जातात. म्हणून एअरबॅगचा दिवा लागला आणि सोबत हॉर्न किंवा ती बटणंही बंद पडली तर दोष जवळपास नक्की इथेच. कोड येतो तो चालकाच्या बॅगेचा रोध जास्त असल्याचा. ह्युंदाई-कियाच्या बऱ्याच गाड्यांत तो बी १३४६ असतो. इतर कंपन्यांचे आकडे वेगळे असतात, पण अर्थ तोच.

पट्टी झिजून तुटते हे खरं, पण पुष्कळदा ती तोडलेली असते. स्टिअरिंग रॅकचं काम करताना खालचा सांधा सुटला आणि वरचं स्टिअरिंग मोकळं फिरलं की पट्टी ठरलेल्या फेऱ्यांच्या पलीकडे ताणली जाते आणि तुटते. नवी बसवतानाही चूक होते. चाकं अगदी सरळ हवीत. डबी हलक्या हाताने एका टोकापर्यंत फिरवायची, दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे होतात ते मोजायचे, मग निम्मे फेरे परत यायचं आणि डबीवरच्या खुणा जुळवायच्या. नव्या डबीला मध्य धरून ठेवणारी पिन किंवा चिकटपट्टी असते, ती बसवल्यावरच काढायची. मध्य चुकला तर पहिल्याच पूर्ण यू-टर्नला नवी पट्टी तुटते आणि मालकाला सांगितलं जातं की पार्ट खराब निघाला.

दुसरी जागा पुढच्या सीटखालची. प्रीटेन्शनरचे, बाजूच्या बॅगेचे आणि सीटवर कोणी बसलंय का हे सांगणाऱ्या चटईचे पिवळे कपलर इथे असतात. सीट मागे-पुढे सरकते, खाली पाण्याची बाटली, छत्री, लहान मुलांची खेळणी अडकतात, सीट कव्हर बसवणारा सीट उचलून ठेवतो, व्हॅक्युम करताना पाइप अडकतो. कपलर एखाद-दीड मिलिमीटर सुटला तरी पुरे. पिवळ्या कपलरची एक खुबी लक्षात ठेवण्यासारखी आहे. तो सुटला की आतली एक छोटी धातूची पट्टी बॅगेकडच्या दोन्ही पिना एकमेकींना जोडून टाकते, म्हणजे हाताच्या स्थिर विजेनेही काडी पेटू नये. कपलर पूर्ण "टक्" होईपर्यंत बसला नाही तर ही पट्टी मध्येच अडकून राहते आणि कोड रोध कमी असल्याचा येतो. त्यामुळे "रोध कमी" असं वाचून लगेच बॅग बदलायला काढू नका. कपलर सोडून, पिना बघून, पुन्हा नीट बसवून दुय्यम लॉक दाबणं, एवढ्यावर पुष्कळ गाड्यांचं काम होतं.

बॅटरीचंही एक सांगायला हवं. महिनाभर उभी असलेली गाडी, मरायला टेकलेली बॅटरी, जंप-स्टार्ट, यात मॉड्यूलला कमी व्होल्टेज मिळतं आणि तो कोड नोंदतो. चांगली बॅटरी टाकून पुसला की तो परत येत नाही. अशा कोडला घाबरू नका.

पाण्याला मात्र घाबरा. कंट्रोल मॉड्यूल गाडीच्या तळाजवळ असतं आणि सीटखालचे कपलर त्याहूनही खाली, त्यामुळे फूटभर पाणी आत शिरलं तरी एअरबॅग यंत्रणा बुडते. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड बुडालं तेव्हा अगणित गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या धुऊन, वाळवून, दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येतात. पाण्याने गेलेली यंत्रणा लगेच बंद पडत नाही. कपलरच्या पिनांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड धरते आणि वर्ष-दोन वर्षांनी रोध चढायला लागतो. मॉड्यूलच्या आत पाणी गेलं असेल तर अंतर्गत दोषाचा कोड येतो आणि तिथे ते बदलण्याशिवाय इलाज नाही. ओळखायला सीटचे बोल्ट आणि सीटची रूळपट्टी बघा, त्यांवर सर्वत्र सारखा गंज असेल तर शंका घ्या. पायाखालच्या कार्पेटचा कोपरा उचलून खालचा फोम हाताने दाबा. बेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर गढूळ पाण्याची रेघ दिसली तर ती गाडी सोडा. तिचं पुढे काय होईल हे कोणालाच सांगता येत नाही.

बुडालेल्या गाडीत आणखी एक निष्काळजीपणा सापडतो. कार्पेट काढताना मॉड्यूल सोडतात आणि परत बसवताना एक बोल्ट कमी, किंवा अर्धाच आवळलेला. मॉड्यूलवर बाण असतो, तो ठरलेल्या दिशेलाच हवा आणि पेटी तळाला अगदी घट्ट, कारण धक्का तिला तळातूनच कळतो. सैल पेटीला धडक उशिरा किंवा चुकीची कळते. मॉड्यूल सुटं असताना इग्निशन ऑन करणं तर कधीच नको.

उंदीर हा आपल्याकडचा खास शत्रू. पावसाळ्यात पार्किंगमधल्या गाडीत शिरून ते वायरिंग कुरतडतात. एअरबॅगच्या तारा पिवळ्या नळीत किंवा पिवळ्या टेपखाली असतात. त्या कुरतडल्या तर पिळ मारून इन्सुलेशन टेप गुंडाळायची नाही. एवढ्याशा रोधाचा हिशेब असलेल्या फेऱ्यात असा सांधा पुढच्या पावसाळ्यात गंजतो. कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने सांधा, नाहीतर तेवढा हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, नवा.

आणि ॲक्सेसरीवाले. अँड्रॉइड स्टिरिओ बसवताना डॅशबोर्ड उघडला जातो आणि शेजारच्या बॅगेचा कपलर ओढला जातो. डॅशकॅमची तार पुढच्या खांबातून नेताना ती पडदा-एअरबॅगच्या (खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या बॅगेच्या) पुढून नेतात. बॅग फुगली की ती तार किंवा खांबाचं कव्हर प्रवाशाच्या तोंडाकडे फेकलं जातं. तार बॅगेच्या मागून, बॉडीला लागून जायला हवी. सीटमध्येच बाजूची बॅग असलेल्या गाडीला साधं जाड सीट कव्हर घातलं तर बॅग बाहेर यायलाच अडते. त्या शिवणीजवळ मोकळं असलेलं किंवा तिथे उसवणारी शिवण असलेलंच कव्हर चालतं. पुढे लावलेला लोखंडी बुल बार तर बेकायदेशीर आहे. रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं. बुल बारमुळे धक्का थेट चासीत जातो आणि सेन्सरला मिळणारा इशारा बदलतो.

लपवलेली धडक

आता फसवणुकीकडे. बॅग उघडल्या की फक्त बॅग बदलून भागत नाही. दोन्ही बॅग, दोन्ही प्रीटेन्शनर, बहुतेक वेळा डॅशबोर्ड, क्लॉक स्प्रिंग, पुढचे सेन्सर आणि मॉड्यूल असा मोठा खर्च येतो. एवढा खर्च करून गाडी विकली तर नफा उरत नाही, म्हणून काही ठिकाणी आडवाट धरली जाते. मॉड्यूलमधली धडकेची नोंद पुसतात. बॅगेच्या जागी २ ओहमच्या आसपासचा रेझिस्टर कपलरमध्ये खोचतात. स्टिअरिंगवर नवं झाकण, डॅशबोर्डवर फिलर आणि त्यावर लेदर. दिवा सहा सेकंदांनी शांतपणे विझतो.

झाकण बघा. मूळ झाकणाचा रंग आणि पोत बाकीच्या स्टिअरिंगशी तंतोतंत जुळतो, फट सगळीकडे सारखी असते. बनावट झाकण किंचित चकचकीत, अक्षरं उथळ, दाबल्यावर पोकळ लागतं. शेजारच्या सीटपुढचा डॅशबोर्ड बोटाने चाचपा. कंपनीने लेदर दिलेलं नसताना तिथे लेदर असेल तर ते का लावलं हे विचारा. शेजारची बॅग उघडताना समोरची काच बहुधा फुटते. काचेच्या कोपऱ्यातला शिक्का आणि वर्ष बाजूच्या काचांशी ताडून बघा.

सीटबेल्ट सहसा खोटं बोलत नाही. बेल्टच्या खालच्या टोकाजवळ उत्पादनाची तारीख असलेली पट्टी शिवलेली असते. गाडी २०१९ ची आणि बेल्ट २०२२ चा, तर बेल्ट बदललाय. मग का? पट्टीच कापून टाकली असेल तर उत्तर मिळालंच. प्रीटेन्शनर उडलेला बेल्ट घट्ट अडकतो किंवा सैल लोंबतो, परत आत जात नाही. बकलमध्ये प्रीटेन्शनर असेल तर तो उडाल्यावर बकल खाली खेचलं जातं आणि त्याच्या देठावरचं रबर चुरगळतं. दोन्ही बकल शेजारी-शेजारी उंचीला ताडून बघा. खांबावरच्या कडीतून बेल्ट जातो तिथे प्लास्टिक वितळल्यासारखा चट्टा किंवा पट्ट्यावर चकाकती घासण दिसली तर जोरदार धडकेत त्या बेल्टवर माणसाचं वजन आलेलं आहे.

बोनेट उघडून टॉर्चने पुढचे सेन्सर बघा. ते बोल्टने पक्के, बाण योग्य दिशेला, कपलर लागलेला हवा. डेंटिंग करणाऱ्याने ते केबल टायने लटकवलेले सापडतात.

रेझिस्टरचा संशय असेल तर झाकण उघडून बघण्याशिवाय खात्री नाही, आणि ते काम प्रशिक्षित माणसाचंच. काही गाड्यांत स्कॅनर प्रत्येक बॅगेचा रोध आकड्यात दाखवतो. खऱ्या बॅगांचे आकडे तारेच्या लांबीनुसार थोडे वेगवेगळे असतात. सगळे अगदी एकसारखे दिसले तर उघडून बघायला सांगा. पैसे देण्याआधी तासाभराचं हे काम वाजवी मागणी आहे. विकणारा नाही म्हणाला तर तीही माहितीच.

खरी बॅग बसवलेली असली तरी ती कुठली, हे उरतंच. २०२४ साली दिल्ली पोलिसांनी अनेक कंपन्यांच्या नावाने बनवलेल्या नऊशेहून जास्त बनावट एअरबॅग पकडल्या. त्याच वर्षी अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने इशारा दिला की अपघातानंतर निकृष्ट, स्वस्त इन्फ्लेटर बसवलेल्या गाड्यांत ते फुटून धातूचे तुकडे लागल्याने माणसं गेली आहेत. त्यातल्या गाड्या सेकंडहँड होत्या आणि आधीच्या मालकाच्या वेळी त्यांना अपघात झालेला होता. भंगारातून काढलेली बॅगही नको. ती कुठल्या गाडीतली, भिजलेली का, किती वर्षांची, काही सांगता येत नाही.

कागदांतूनही बरंच कळतं. विकणाऱ्याची चालू विमा पॉलिसी मागा आणि नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, बघा. विनादाव्याच्या पहिल्या वर्षानंतर तो २० टक्के असतो आणि पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जातो. पाच वर्षांची गाडी आणि बोनस शून्य, म्हणजे मागच्या पॉलिसीत दावा झालेला असावा. कशाचा, ते विचारा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन सर्व्हिसची नोंद काढता येते. मालकाला सोबत न्या.

रिकॉल

जपानच्या ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट होतं. उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहिल्यावर ते असं बदलतं की पेटताना डबडंच फुटतं. जगभरात सुमारे १० कोटी इन्फ्लेटर परत मागवले गेले आणि जून २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. भारतातही होंडाने सिटी, जॅझ, ॲकॉर्ड अशा गाड्या त्यासाठी बोलावल्या. मुंबई, कोकण, गोव्याची हवा नेमकी त्या रसायनाला घातक अशी. त्या काळातली आयात किंवा जुनी गाडी घेत असाल तर हे तपासल्याशिवाय घेऊ नका. इथे दिवा काहीच सांगत नाही, कारण काडीचा रोध अगदी व्यवस्थित असतो.

अलीकडचं उदाहरण जानेवारी २०२३ चं. मारुतीने ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ दरम्यान बनलेल्या १७,३६२ गाड्या एअरबॅगचं कंट्रोलर तपासायला परत बोलावल्या. त्यात ब्रेझा आणि ग्रँड विटाराही होत्या, आणि पार्ट बदलेपर्यंत गाडी चालवू नका असं मालकांना सांगितलं होतं. त्या महिन्यातली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेली की निरोप नव्या मालकापर्यंत पोचतोच असं नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकून रिकॉल बाकी आहे का ते बघता येतं. दुरुस्ती फुकट असते, मालक कितवाही असो.

दुरुस्तीला देताना

बॅटरीचं ऋण टोक काढायचं आणि किमान तीन मिनिटं, शक्यतो दहा, थांबायचं. धडकेत बॅटरी तुटली तरी बॅग उघडावी म्हणून मॉड्यूलमध्ये साठा ठेवलेला असतो, तो उतरायला वेळ लागतो. साध्या मल्टिमीटरने बॅगेचा रोध कधीही मोजायचा नाही. मीटर स्वतःच प्रवाह सोडतं. मेकॅनिक मीटरच्या पिना पिवळ्या कपलरमध्ये घालताना दिसला तर तिथेच थांबवा.

बरोबर पद्धत अशी. बॅग काढून तिच्या जागी तपासणीचा ठरलेला रोध लावायचा आणि कोड बदलतो का बघायचं. गेला तर दोष बॅगेत. तसाच राहिला तर तोच रोध क्लॉक स्प्रिंगच्या खालच्या कपलरला लावायचा. इथे गेला तर दोष क्लॉक स्प्रिंगमध्ये, तरीही राहिला तर तारेत किंवा मॉड्यूलमध्ये. असा टप्प्याटप्प्याने शोध घेतला की "आधी बॅग बदलू, मग बघू" असा महागडा अंदाज करावा लागत नाही. काढलेली बॅग टेबलावर झाकण वर करून ठेवायची, उलटी कधीच नाही. उलटी ठेवलेली बॅग पेटली तर ती वर उडते.

गाडी घरी आल्यावर दोन गोष्टी त्याच दिवशी करा. काही गाड्यांत शेजारची एअरबॅग बंद करायला किल्लीचा स्विच असतो, ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा डॅशबोर्डच्या बाजूला. आधीच्या मालकाने बाळाची सीट पुढे उलटी ठेवण्यासाठी तो बंद केलेला असू शकतो. मोठं माणूस बसणार असेल तर तो चालू हवा. आणि डॅशबोर्डवर शेजारच्या बाजूला जिथे "एअरबॅग" अशी अक्षरं आहेत त्या झाकणावर काहीही चिकटवलेलं नको, गणपतीची मूर्तीसुद्धा. ते झाकण ताशी दोनशे-तीनशे किलोमीटरच्या वेगाने उघडतं. मूर्ती मधल्या भागात, झाकणाच्या बाहेर बसवा.